काहीच न चोरलेला चोर

टांकसाळ बघायचे दोन पास दर वर्षी घरी यायचे आणि त्यातला एक दर वर्षी वाया जायचा. एक निवृत्त कामगारासाठी, एक त्याच्या घरच्या माणसासाठी. मास्तर ते हातात धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहत आणि विचारत, "येतेस का यंदा?" मावशी पातेल्यात डाव फिरवत म्हणत, "मला काय करायचंय सोनं बघून?" तेवढ्यावर तो विषय वर्षभरासाठी मिटायचा.

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. टांकसाळीत सोन्याची नाणी ठोकायच्या प्रेसवर ते कामाला होते. पाळीवर यायला त्यांना कधी उशीर झाला नाही, म्हणून सोबत्यांनी त्यांचं नाव 'घड्याळमास्तर' पाडलं होतं. त्यांच्या बायकोला मावशी म्हणणारी तर अख्खी गल्ली होती. कोणाची बाही उसवली, कोणाचं दप्तर फाटलं, की जो तो त्यांच्या शिवणयंत्रापाशी यायचा. आई म्हणणारं मात्र आता कोणी उरलं नव्हतं.

एकच लेक होती. एका जागी ठरत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. नववं लागलं न लागलं तोच तापाचं निमित्त झालं आणि गेली. शेवटच्या संध्याकाळी ती सारखी एकच विचारत होती, बाबा कधी येणार? दवाखान्यातून टांकसाळीत निरोप गेला होता. पण बाबा आले ते सगळं आटोपल्यावर. मावशींनी त्यांना एवढंच विचारलं, "कुठे होतात?" आणि मास्तर म्हणाले, "दार उघडलं नाही."

त्यावर पुढे त्यांनी एक अक्षर काढलं नाही, आणि मावशींनीही पुन्हा विचारलं नाही. दार उघडलं नाही म्हणे! पोर अखेरच्या घटका मोजतेय म्हटल्यावरही उघडत नाही, असं दार असतं का कुठे? मावशींनी मनाशी निकाल लावून टाकला. हा माणूस भित्रा. साहेबासमोर तोंड उघडायची हिंमत झाली नसेल, घड्याळासारखा मुकाट उभा राहिला असेल. पाठोपाठ मास्तरांची प्रेसवरून बदली होऊन ते टांकसाळीच्या धुण्याच्या खात्यात गेले, तेव्हाही मावशींनी कारण विचारलं नाही. कामात लक्ष लागत नसेल, दुसरं काय.

संसार थांबला नाही. गळका नळ, संपत आलेलं तेल, वरच्या मजल्यावरच्यांची आदळआपट, बोलायला विषय पुष्कळ असतात. रोज सकाळी हात जोडले की मावशी गल्लीतल्या एकेकासाठी काही ना काही मागत. नवऱ्याची पाळी आली की त्या मागणं आवरतं घेत. मग 'सगळ्यांना सुखी ठेव' यात त्यालाही बसवून त्या मोकळ्या होत.

यंदा मात्र मास्तरांनी विचारलंच नाही. पास आले ते त्यांनी औषधांच्या डब्याखाली सारले. मावशी आज विचारतील, उद्या विचारतील म्हणून वाट बघत राहिल्या. नकोसा पाहुणा यायचा बंद झाला की उलट रस्त्याकडेच लक्ष लागतं, तशातली गत. शेवटी त्यांनीच विषय काढला.

"यंदा विचारलं नाहीत ते?"

"कशाला विचारायचं? उत्तर पाठ आहे मला."

"मी येतेय," मावशी म्हणाल्या. "मला ते दार बघायचंय."

मास्तरांच्या हातातला पेला ओठांपर्यंत जाता जाता थांबला. मग ते हळूच म्हणाले, "बघ. बघच एकदा."

जायच्या दिवशी बसमध्ये दोघं शेजारी शेजारी बसली होती आणि दोघंही खिडकीबाहेर बघत होती. मावशींच्या मनात एकच चाललं होतं. दार साधंसुधं निघालं, धक्का मारला की उघडणारं, तर आपलं खरं. इतकी वर्षं धरून ठेवलेला राग वाजवी होता, एवढं तरी ठरेल. पण ते खरंच न उघडणारं निघालं तर? तर या माणसाला आपण जे जे दिलं नाही, त्याचं काय करायचं? आणि मावशी, ज्यांनी देवाकडे कधी कोणाचं वाईट मागितलं नव्हतं, त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, देवा, दार साधंच असू दे रे.

फाटकावरचा म्हातारा पहारेकरी मास्तरांना बघून खुर्चीतून उठलाच.

"काय घड्याळमास्तर! आज चक्क वहिनींना घेऊन? सूर्य कुठल्या बाजूने उगवला म्हणायचा?"

"नेहमीच्याच," मास्तर म्हणाले. "तू झोपलेला असतोस तेव्हा, म्हणून तुला ठाऊक नाही."

मावशींनी चमकून बघितलं. घरात या माणसाच्या तोंडून विनोद ऐकून किती काळ लोटला होता, कोण जाणे.

आत सगळ्यांच्या अंगठ्या, बांगड्या, पिशव्या काढून घेतल्या आणि एकेकाला काट्यावर उभं केलं. माहिती सांगायला एक तरतरीत मुलगी होती. ती म्हणाली, "आत जाताना जेवढं वजन, बाहेर येताना तेवढंच हवं हं मंडळी. आत खायला काही मिळत नाही. त्यामुळे वाढलात तर आम्ही संशय घेणार."

"आणि कमी भरलो तर?" एका जाडजूड चपलांच्या दुकानदाराने विचारलं.

"तर तुमच्या मिसेस आमचे आभार मानणार," मुलगी म्हणाली, आणि त्याची बायको सगळ्यांत मोठ्याने हसली.

जिना चढून सगळे काचेच्या सज्जात आले. खाली जुनं दगडी दालन होतं, आणि त्यात काम चाललं होतं. मावशींना वाटलं होतं, वितळलेलं सोनं म्हणजे डोळे दिपवणारं काहीतरी असेल. प्रत्यक्षात ते मधासारखं निवांत साच्यात उतरलं आणि उतरता उतरता लालसर झालं. पलीकडे त्याच्या पट्ट्या लाटत होते, पट्ट्यांतून गोल चकत्या कापत होते, आणि पार टोकाला प्रेस एकेका चकतीवर दाबाने बसत होता. त्याचा ठोका पायांखालच्या फळ्यांतून अंगात चढत होता.

मास्तर कठड्याला रेलून बघत होते. त्यांचं बोट आपोआप उजव्या कोपऱ्याकडे गेलं. "तो. तो माझा."

"अजून चालतो?"

"न चालायला काय झालंय त्याला?"

मुलगी सांगत होती, "या वास्तूत कचरा म्हणून काही नाही. झाडलेली धूळ भट्टीत जाते. कामगारांचे डगले जुने झाले की जाळतात आणि राखेतून सोनं काढतात. डगले धुतलेलं पाणीसुद्धा गटारात सोडत नाहीत, गाळतात. इथून काहीही सहज बाहेर जात नाही."

"माणसंसुद्धा," मास्तर पुटपुटले. मावशींनी ऐकलं. त्यांची नजर खाली दार शोधत होती.

काम करणाऱ्यांची जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मुलगी सगळ्यांना खाली घेऊन गेली. एका बोळातून वळल्यावर ती थांबली. "आणि हे आमचं जुनं दार. बाकी सगळं बदललं, हे तेवढं तसंच ठेवलंय."

मावशींनी मनात फार मोठं काहीतरी रंगवलं होतं. हे तर ठेंगणं होतं, वाकून जावं लागेल असं, हिरव्या रंगाचं, कडेने रंगाचे पोपडे उडालेलं. क्षणभर त्यांना हायसं वाटलं. मग त्या पुढे झाल्या, आणि त्यांना दिसलं की आतल्या बाजूने दाराला कडी नव्हती. मूठ नव्हती. किल्लीचं भोकसुद्धा नव्हतं. नुसतं सपाट लोखंड, आणि डोळ्यांच्या उंचीवर निरोप देण्याघेण्यापुरती पोस्टाच्या पेटीएवढी फट. मावशींनी दारावर तळवा टेकवला. लोखंड गार होतं. त्यांनी थोडा जोर लावून बघितला. भिंत जशी हलत नाही तसं ते हललं नाही.

"हे फक्त बाहेरून उघडतं," मुलगी म्हणाली. "सकाळी कारागिरांना सोनं तोलून द्यायचे, संध्याकाळी सगळं परत तोलून घ्यायचे. नाणी, कातरण, चूर, केरातली धूळसुद्धा. वजन जुळलं की घंटा. घंटा झाली की दार. नाही जुळलं, तर जुळेपर्यंत सगळे आत. टांकसाळ बांधली तेव्हापासूनचा नियम. आग लागली तर उघडायचं, पूर आला तर उघडायचं, तिसरं कारण नाही."

"आणि कोणाच्या घरी कोणी आजारी असेल तर?" मावशींनी विचारलं. आपला आवाज त्यांना दुसऱ्याच बाईचा वाटला.

"आता तसं नाही हो काकू. आता नियम बदललाय. तेव्हा मात्र नाहीच." मुलगी हसली. "पण या दाराची एक मजेदार गोष्ट आहे. सांगू?"

"सांगा की," दुकानदार म्हणाला.

"फार जुनी गोष्ट. मी जन्मलेही नव्हते. एका संध्याकाळी एक चकती कमी भरली. शोध शोध शोधली, मिळेना. सगळे अडकले. त्यात प्रेसवरचा एक कारागीर होता, त्याला म्हणे घड्याळमास्तर म्हणायचे. जरा उशीर झालेला खपायचा नाही बुवाला. त्याला त्या दिवशी नाटकाला जायचं होतं, पहिल्या रांगेचं तिकीट काढलं होतं. तो दार ठोठावतोय, या फटीतून ओरडतोय, मला सोडा, मला सोडा. कोण सोडणार? शेवटी काय केलं असेल त्याने? ओरडला, 'मीच चोरलंय! मी चोर आहे! मला पकडा आणि बाहेर न्या!'"

सगळे हसले.

"थांबा, पुढे ऐका. पहारेकऱ्यांनी पकडलं. पण चोराला बाहेर कसं नेतील? नेलं आतल्याच कोठडीत! कुठे लपवलंस म्हणून विचारतायत, आणि त्याला काही सांगता येत नाही, कारण चोरलंय कोणी? तेवढ्यात चकती सापडली, यंत्राच्या तळाला वंगणात चिकटून बसलेली. घंटा झाली, सगळे आपापल्या घरी. हा एकटा आत! कबुली दिलेली ना. ती रद्द करायला मोठे साहेब घरून येईपर्यंत बसला कोठडीत. नाटक गेलं ते गेलंच, वर पहारेकऱ्यांना फसवलं म्हणून धुण्याच्या खात्यात बदली. टांकसाळीच्या इतिहासातला हा एकमेव चोर, ज्याने काहीच चोरलं नव्हतं!"

दुकानदाराच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. त्याची बायको म्हणाली, "आमचे हे असते तर कोठडीत झोपले असते." आणखी एक हशा पिकला.

मावशींनी नवऱ्याकडे बघितलं. मास्तरही हसत होते. सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांएवढंच, ना कमी ना जास्त. ही गोष्ट त्यांनी पूर्वीही ऐकली असणार. दर वर्षी एकटे इथे यायचे, तेव्हा दर वर्षी ऐकली असणार, आणि दर वर्षी इथेच उभे राहून असेच हसले असणार.

"नाटक?" मावशी म्हणाल्या. "अगं बाळ, नाटक कुठलं..."

मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी असा आपणहून हात धरला नव्हता. "राहू दे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चांगली सांगते ती. लोक हसतात. चल."

पुढे काचेखाली मांडलेली नाणी होती, जुने साचे होते. मावशींना त्यातलं काही दिसलं नाही. बाहेर पडताना पुन्हा काट्यावर उभं केलं. वजन जेवढ्यास तेवढं भरलं, याचं त्यांना नवल वाटलं.

फाटकाबाहेर भिंतीला लागून दगडी बाक होता. मावशी तिथे जाऊन बसल्या. मास्तर शेजारी, पण अंतर ठेवून बसले. सवयच होती ती.

"स्वतःला चोर म्हणालात?"

"दुसरं काय म्हणणार होतो? आग लावायचंही मनात आलं होतं. तोवर भट्टी विझवली होती."

"निरोप मिळाला होता?"

"त्या फटीतूनच आला. चिठ्ठीबिठ्ठी नाही. पहारेकरी ओरडला, घड्याळमास्तर, पोरीचं काही खरं नाही, दवाखान्यात बोलावलंय. आणि मग तोच म्हणाला, पण मी तरी काय करू."

"मला का नाही सांगितलंत हे?"

एक फळवाला हातगाडी ढकलत गेला, तो दिसेनासा होईपर्यंत मास्तर त्याच्याकडे बघत राहिले.

"अगं, सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं. मी गप्प बसलो असतो ना, नुसता गप्प, तर बाकीच्यांबरोबर सुटलो असतो. चकती सापडली की घंटा, घंटा झाली की दार. त्या वेळी निघालो असतो तर पोचलो असतो. मी नंतर विचारलं ना दवाखान्यात, किती वाजता गेली म्हणून. पोचलो असतो मी." ते थांबले. "तू म्हणायचीस, मनात आणलं असतं तर आला असता हा माणूस. खरंच होतं ते. माझ्या जिभेनेच मला आत ठेवलं."

"मी कधी म्हणाले असं?"

"बोलली नाहीस कधी. पण म्हणायचीस."

मावशींच्या तोंडाशी 'तुमची काय चूक' हे वाक्य आलं. खरं होतं ते. पण उघड्यावर कुडकुडणाऱ्याच्या अंगावर हातरुमाल टाकावा, तसं होतं. एवढ्याने या माणसाचं काही भागणार नव्हतं. त्यांच्याकडे दुसरं काहीतरी होतं. ते त्यांनी कोणालाच दाखवलं नव्हतं, देवापुढेसुद्धा त्याचा उच्चार केला नव्हता. ते आता बाहेर काढायचं तर आपणच उघड्या पडणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"शेवटी ती वाट बघत नव्हती," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"भिंगरी. शेवटी शेवटी तुमची वाट बघत नव्हती ती. मी तिला सांगितलं, बाबा आले. खाली सायकल लावतायत."

मास्तरांनी मान वळवली. त्यांचा चेहरा अगदी कोरा होता.

"तिला खरं वाटलं?"

"वाटलं ना. म्हणाली, बाबांना कुलूप लावायला सांग. नाहीतर मागच्यासारखी कोणीतरी पळवून नेईल."

"कुलूप?"

"हो. मग कूस बदलली तिने, भिंतीकडे. मला वाटलं झोपली."

"भिंतीकडे," मास्तर म्हणाले. "दाराकडे नाही?"

"नाही हो."

"मला दाराकडे दिसायची. डोळे मिटले की तेच दिसायचं. दाराकडे बघतेय, आणि मी येत नाहीये." त्यांचा आवाज एकाएकी चिरला. "हे तू मला कधी..."

"नाही सांगितलं."

"का गं?"

मावशींनी पदर नीट केला, सोडला, पुन्हा नीट केला. "तुम्हाला द्यायचं नव्हतं मला ते," त्या म्हणाल्या. "तिचं शेवटचं बोलणं. तुम्ही तिथे नव्हता. म्हटलं, जो आला नाही त्याला कशाला? माझ्यापाशीच राहू दे."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

मास्तर उठले. चार पावलं गेले, मावशींना वाटलं आता हे निघूनच जाणार, आणि जायलाच हवं. पण ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, भिंतीवर कपाळ टेकवलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. दवाखान्यात त्या रात्री ते रडले नव्हते. लोक म्हणाले होते, धीराचा माणूस. मावशी म्हणाल्या होत्या मनात, दगड.

टांकसाळीतून बाहेर पडणाऱ्या घोळक्यातला दुकानदार जवळ आला. हसण्याने अजून त्याचा चेहरा फुललेला होता. "काकांना बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"नको," मावशी म्हणाल्या. "जरा बसलो की बरं वाटेल."

तो मागे वळून बघत बघत गेला. रस्ता मोकळा झाला. मास्तर परत येऊन बसले. या वेळी मध्ये अंतर ठेवायचं राहून गेलं, की त्यांनी ठेवलं नाही, कोण जाणे. बाहीने तोंड पुसून त्यांनी विचारलं, "कशी म्हणाली? रागावून?"

"रागावून. तुमच्यावर डाफरते ना ती, तशी."

मास्तरांच्या ओठांचा एक कोपरा वर गेला आणि तिथेच थरथरत राहिला. मावशींना मघाचं त्यांचं हसू आठवलं, दाराजवळचं. हे तसलं नव्हतं. हे बघवत नव्हतं, तरी त्या बघत राहिल्या.

"मला सगळं सांग," मास्तर म्हणाले. "मी सकाळी कामावर गेलो तिथपासून."

सूर्य भिंतीआड गेला होता आणि बाक गार पडत चालला होता. मावशींनी हात मांडीवर एकावर एक ठेवले.

"दुपारी ताप जरा उतरला होता," त्यांनी सांगायला सुरुवात केली. "तेव्हा तिने माझ्याकडून केस विंचरून घेतले. दोन वेण्या घाल म्हणाली, बाबांना आवडतात..."